चष्म्याचा ठोका

पिल्चरबाईंना संगीतातलं ओ की ठो कळत नाही, असं मी पाच वर्षं लोकांना सांगत फिरलो. गाढव मीच होतो. हे कबूल करायला मला पन्नास वर्षं लागली, त्यामुळे मध्येच टोकू नका, सांगू द्या.

डॉरीन पिल्चरबाई पावाची गाडी चालवायच्या. आमचं गाव इंग्लंडात, कँटरबरीच्या बाहेर, स्टाऊर नदीच्या काठी. पहाटे बेकरीत गाडी भरायची, सात खेड्यांत दारोदार पाव टाकायचे आणि दुपारी बाराला मोकळं व्हायचं, हा त्यांचा धंदा. नवरा लढाईहून परत आला तो खोकतच आला आणि थोड्याच वर्षांत गेला. मूलबाळ नाही. बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी त्या चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवायला जायच्या. सहा घंटा, सहा दोऱ्या, सहा माणसं. आमच्याकडे घंटांवर गाणी नाही वाजवत, आकडे वाजवतात. आधी एक-दोन-तीन-चार-पाच-सहा. पुढच्या फेरीत दोन-एक-चार-तीन-सहा-पाच. असं दर फेरीला घंटांनी जागा बदलायच्या, एकही फेरी पुन्हा येऊ द्यायची नाही, आणि अर्ध्या तासानं सगळ्यांनी मुकाट्यानं आपापल्या जागी परत यायचं. हातात कागद चालत नाही, सगळं डोक्यात. बाईंचं डोकं असं होतं.

अडुसष्ट साली आम्ही चार पोरं तालमीला जागा शोधत होतो. गावात कुणी दारात उभं करेना. जाझवाले म्हणायचे, हे रॉकवाले. रॉकवाले म्हणायचे, हे जाझवाले. गाववाले म्हणायचे, हे पिऊन वाजवतात. आमचा एकेक तुकडा पंधरा-अठरा मिनिटांचा, कुठे सातचा ठेका, कुठे अकराचा, ऐकणाऱ्याचा पाय ठेका धरायला जायचा आणि तोंडघशी पडायचा. बाईंच्या अंगणात बिअरसाठीचे हॉप वाळवायची जुनी गोल भट्टी रिकामी पडली होती. ती त्यांनी आम्हाला दिली. भट्टीच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा बगळा होता, म्हणून आम्ही बँडचं नाव ठेवलं ‘टिन हेरन’. गाडीही बाईंचीच. आमचे ड्रम, स्पीकर, तो दोन म्हशींच्या वजनाचा ऑर्गन, सगळं पावाच्या गाडीतून जायचं. कुठल्याही गावात आम्ही उतरलो की कपडे झटकायचो आणि पीठ उडायचं.

तालमीत बाई दाराशी स्टुलावर बसायच्या आणि पावाच्या तपकिरी पिशवीवर पेन्सिलीनं काहीतरी लिहायच्या. एकदा मी डोकावलो. नुसते आकडे! ११, ११, ९, मग चार वेळा ७.

“हे काय चाललंय, पिल्चरबाई? आमचा हिशेब मांडताय?”

“तुमचं संपलं कधी आणि नुसते दमून थांबलात कधी, हे कळायला नको का?” बाई म्हणाल्या. “चहा ठेवायचा असतो मला. मागच्या वेळी तीनदा ठेवला आणि तीनदा गार झाला.”

आम्ही पोट धरून हसलो. बाई आपल्या लिहीत राहिल्या. पाच वर्षं लिहीत राहिल्या.

या पाच वर्षांत आमच्या बँडमधून किती माणसं गेली, विचारू नका. पहिला गिटारवाला पोस्टमन झाला, कारण त्याला पहाट आवडायची म्हणे. पहिल्या ड्रमवाल्याला लंडननं गिळलं. बासवाल्यानं लग्न केलं आणि सासऱ्याची सफरचंदाची बाग धरली. सॅक्सोफोनवाले तर इतके आले-गेले की शेवटी आम्ही त्यांची नावं पाठ करणंच सोडलं. प्रत्येक जण जाताना आपला भाग डोक्यातून घेऊन जायचा, कारण आम्ही कागदावर काही लिहीतच नव्हतो. लिहिणं म्हणजे कारकुनी, असं मला वाटायचं. त्र्याहत्तर सालापर्यंत मूळच्या चौघांतला एकटा मी उरलो. रॉडरिक गुडह्यू, ऑर्गन. आणि मला शिंगं फुटली होती.

त्याला आणखी एक कारण होतं. ‘पूर’ नावाचा आमचा एक लांबलचक तुकडा होता. त्याच्या मध्यावर आठ-आठ ठोक्यांची चाल एका जागी नऊची व्हायची आणि सगळा हॉल श्वास रोखायचा. आमच्या दोन रेकॉर्ड निघाल्या होत्या, त्यांवर हा नववा ठोका नव्हता, तो नंतर आला. लंडनच्या एका साप्ताहिकानं त्यावर अर्धा रकाना लिहिला: काळजाचा ठोका चुकवणारा नववा ठोका. मला विचारलं तर मी बेधडक सांगितलं की बल्गेरियातल्या कापणीच्या नाचांचा मी अभ्यास केलाय. अभ्यास कसला! घामानं माझा चष्मा घसरायचा. त्या जागी मी डावा हात उचलून तो वर सारायचो, तेवढ्यात एक ठोका जायचा आणि बाकीचे बिचारे माझ्यासाठी थांबायचे. आज गेला, उद्या गेला, मग तो तसाच बसला. हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, अशी माझी खात्री होती.

त्या जूनमध्ये लंडनच्या एका मोठ्या बँडनं मला बोलावलं. मंगळवारी संध्याकाळी मी भट्टीत जाऊन सांगून टाकलं. शनिवारी दुपारी टेक्निकल कॉलेजच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. तो झाला तरच आमचे कार्यक्रम ठरवणारा एजंट आमचं नाव पुढच्या दौऱ्यात ठेवणार होता, नाहीतर काट. हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी म्हणालो, “शनिवार रद्द करा. टिन हेरन म्हणजे मी. मी नाही तर टिन हेरन नाही.”

बर्नबीनं, आमच्या ड्रमवाल्यानं, काठ्या खाली ठेवल्या. बासवाला ह्यू म्हणाला, “संपलंच म्हणायचं मग.” त्या महिन्याच्या सॅक्सोफोनवाल्यानं टोपी घातली.

“टोपी काढ,” दारातून बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “रॉडी, बगळा कुणाचा?”

“कोण बगळा?”

“वर फिरतोय तो. माझ्या सासऱ्यानं बसवला. नाव त्या बगळ्याचं. तू त्याच्याखाली पाच वर्षं बसलास, बस्स.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “पिल्चरबाई, हे पाव टाकण्याइतकं सोपं नाहीये. ‘पूर’ शिकायला मला वर्ष लागलं. तीन दिवसांत कोण शिकणार?”

“मनोऱ्यातली मोठी घंटा दोनशे वर्षांची आहे,” बाई म्हणाल्या. “ती वाजवणारे किती मेले, मोज जाऊन दफनभूमीत. प्रत्येकाला वाटलं असेल की आपण गेलो की ती गप्प बसेल. आमच्यात माणूस कमी पडलं तर मनोऱ्याला कुलूप नाही लावत. दुसऱ्याच्या हातात दोरी देतो. तू जा लंडनला, खुशाल जा, चांगलं वाजव. पण जाताना दार लावून घ्यायचं नाही.”

“बसा मग बोंबलत,” मी म्हणालो आणि निघालो. लाज वाटते, पण म्हणालो.

पुढचं मला बर्नबीनं नंतर सांगितलं. बुधवारी पाव टाकून झाले तशा बाईंनी गाडी थेट मार्गेटला नेली. तिथे समुद्रकाठच्या नाचाच्या हॉलमध्ये ग्लेनिस नावाची बाई दुपारच्या चहाच्या वेळी म्हाताऱ्या जोडप्यांसाठी ऑर्गन वाजवायची. तिशीतली, जाड वेणी, बोलणं कमी. पिल्चरबाईंनी तिला कधीतरी ऐकलं होतं. तिला गाडीत घातलं आणि भट्टीत आणून उभं केलं.

ह्यू म्हणाला, “चहा-बिस्किटांची ऑर्गनवाली? बाई, लोक आपल्याला अंडी मारतील.”

“मारू देत. उद्या ऑम्लेट करू,” बाई म्हणाल्या. “वाजव ग, पोरी.”

ग्लेनिसनं आमच्या दोन्ही रेकॉर्ड रात्रीत कानानं उचलल्या. बोटं तयार होती. पण घोडं अडलं ते मोजण्यावर. रेकॉर्डनंतर आम्ही सगळे तुकडे बदलून टाकले होते, कुठे कापलेले, कुठे वाढवलेले, आणि ते सगळं माझ्या डोक्यात, म्हणजे लंडनच्या वाटेवर. गुरुवारी सकाळी ‘पूर’ चौदा वेळा कोसळला. ह्यू म्हणाला, रॉडीला फोन करू, पाया पडू. तेवढ्यात पाव टाकून बाई आल्या. म्हणाल्या, कुणी कुणाच्या पाया पडायचं नाही. घरात गेल्या आणि पिशव्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. पाच वर्षांच्या पिशव्या, तारखेवार. शेवटच्या तारखेच्या काढून त्यांनी भट्टीच्या भिंतीवर टाचण्यांनी लावल्या आणि हातात लाटणं घेऊन आकड्यांवर ठेवत चालल्या. “मोठ्यानं मोजा. सगळ्यांनी. वाजवायचं नाही अजून.”

गुरुवारचा उरलेला दिवस नुसतं मोजलं. शुक्रवारी वाजवलं. चुकलं की बाई म्हणायच्या, “पुन्हा, एकपासून.” बर्नबीच्या हाताला फोड आले तर म्हणाल्या, “दोरीनं मला चामडं सोलवटेपर्यंत फोड आलेत. पुन्हा, एकपासून.” ग्लेनिस एकदा रडकुंडीला आली, म्हणाली माझ्या मार्गेटच्या दोन दुपारी बुडाल्या, हे मला जमणार नाही. बाईंनी तिला चहा दिला, लोण्यासकट पाव दिला, आणि तो संपेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, “पुन्हा, एकपासून.”

शनिवारी मी गेलो. खरं सांगतो, त्यांना पडताना बघायला गेलो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण मला कुणी त्या दिवशी ऐकवली असती तर मी त्याला मारलं असतं. हॉलमध्ये शे-दीडशे पोरं जमिनीवर बसली होती. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो, कुणी ओळखू नये म्हणून कॉलर वर करून.

पहिला तुकडा जरा कापत सुरू झाला. दुसरा बसला. मग ‘पूर’. ग्लेनिस माझ्यासारखी वाजवत नव्हती. माझी घाई तिच्यात नव्हती. माझ्या मनात आलं, आता मध्यावर येऊ दे, तिथे मरेल. रेकॉर्डवर तो ठोकाच नाहीये. आठ मोजून ती पुढे पळेल, बाकीचे मागे राहतील, आणि सगळ्यांना कळेल मी कोण होतो.

मध्य आला. सहा, सात, आठ.

ग्लेनिसनं डावा हात उचलला. पूर्ण उचलला, हवेत धरला. ड्रम थांबले, बास थांबला, हॉलनं श्वास रोखला. त्या एका ठोक्यात माझाही डावा हात वर गेला आणि मी चष्मा वर सारला. मग तिचा हात खाली आला आणि ‘पूर’ सुटला. पोरं उठून उभी राहिली.

शेवटच्या टाळ्या झाल्यावर मी तोंड लपवून सटकणार होतो. दारात बाई उभ्या. हातात किटली.

“चहा घेतोस?”

“पिल्चरबाई,” मी म्हणालो, “तो नववा ठोका… तुम्ही तिला का शिकवलात? ती चूक आहे. बल्गेरिया-बिल्गेरिया सगळी थाप. माझा चष्मा घसरायचा, म्हणून…”

“मला काय सांगतोस?” बाई म्हणाल्या. “इतकी वर्षं बघतेय मी.”

त्यांनी एप्रनच्या खिशातून पिशवी काढली, घडी उलगडून माझ्यापुढे धरली. आठ, आठ, आठ, आणि मग नवाच्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं काढलेला इवलासा चष्मा. दोन गोल आणि एक काडी.

“तिनंही विचारलं, इथे एक जास्त का,” बाई म्हणाल्या. “मी सांगितलं, तिथे रॉडी असतो. तो आला न आला, तेवढी जागा त्याला सोडायची.”

मंगळवारी मी या बाईला काय बोललो होतो ते सगळं आठवलं आणि तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. “मी… त्या दिवशी जे बोललो…”

“ते राहू दे. सोमवारी जायचंय ना लंडनला? जा. पण आत्ता ऑर्गन उतरवायचाय, आणि सॅक्सोफोनवाला पळाला टोपी घालून. ये, धर एका बाजूनं.”

पुढे आठ वर्षं चालला टिन हेरन. आणखी चौदा माणसं आली-गेली, ग्लेनिसही गेली, नववा ठोका कुणी सोडला नाही. बाई शेवटपर्यंत गाडी चालवायच्या आणि बुधवारी मनोरा चढायच्या. पण मला त्या म्हटलं की ती दुपारच आठवते.

हॉलच्या मागे बारा पायऱ्या होत्या. खालच्या बाजूला मी आणि बर्नबी, वरच्या बाजूला ह्यू आणि ग्लेनिस, मध्ये तो अजस्र ऑर्गन, आणि पुढे उलटं चालत बाई पायऱ्या मोजत होत्या. एक, दोन, तीन. चौथ्या पायरीवर घाम आला. सहावीवर माझा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. दोन्ही हात ऑर्गनखाली. सोडला असता तर बर्नबीचा पाय गेला असता.

बाईंनी वर पाहिलं.

“थांबा रे सगळे,” त्या म्हणाल्या.

सगळे थांबले. बाई दोन पायऱ्या वर आल्या, पीठ लागलेल्या बोटानं माझा चष्मा नाकावर नीट बसवला आणि पुन्हा खाली उतरल्या.

“हं,” त्या म्हणाल्या. “सात.”