लाल ठिपक्याचं ताट

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

मी चाकणला एका कारखान्यात लेथ मशीनवर आहे. मागे रक्तदान शिबिरानंतरच्या तपासणीत मला हेपटायटिस सी निघाला. गोळ्या सुरू आहेत. आज कॅन्टीनमध्ये माझ्यासाठी लाल ठिपक्याचं वेगळं ताट! सुपरवायझर म्हणाले, "भाऊ, राग मानू नका. बाकीच्यांना लागण नको."

अहो, हा आजार रक्तातून पसरतो, जेवणातून नाही! डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली, तर साहेबांनी हात मागे घेतला. कागदालाही घाबरला शहाणा!

तासाभराने याच साहेबांच्या बोटात लोखंडाचं बारीक कुसळ घुसलं. ते काढायला आमच्या मशीन शॉपमध्ये एक सेफ्टी पिन आहे, कॅलेंडरला टोचलेली. वर्षानुवर्षं सगळे तीच वापरतात आणि पँटला पुसून परत लावतात. मीसुद्धा. साहेबांनी सवयीने तीच उचलली.

मी त्यांचं मनगट धरलं. "साहेब, हिला माझं रक्त लागलंय. तुमचंही लागलंय. ताटाचं सोडा, आधी तपासणी करून घ्या."

चेहरा पांढराफटक. सगळं शॉप आपापली बोटं बघत उभं.

पिन मीच मोडून फेकली. तुमच्या शॉपमधली कुठे टोचलेली आहे?