रस्ता उंच, ओटा ठेंगणा

स्वयंपाकाचा ओटा आहे तसाच राहू द्या, असं मिस्त्रीला मीच सांगितलं होतं. बायकोला मात्र सांगितलं, की तो विसरला.

आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि घर खड्ड्यात गेलं. घर जागचं हललं नव्हतं. रस्ताच जुन्या डांबरावर चढून बसला होता. पाऊस आला की पाणी थेट बैठकीत, आणि दारातल्या चपला तरंगत स्वयंपाकघरात. मिस्त्री म्हणाला, घरातली फरशी फूटभर उचलू. मला ते एकच काम वाटलं.

फरशी उचलली तर दारं उघडेनात, म्हणून ती खालून कापली. चौकटी ठेंगण्या झाल्या. माझा उंच मेहुणा आता वाकूनच आत येतो, आणि शेजारच्या आजी त्याच्या संस्कारांचं कौतुक करतात. पंखा डोक्याशी आला, त्याची दांडी कापली. फाटक बाहेर उघडायचं, ते रस्त्यालाच अडलं. मग नवीन फाटक, स्टीलचं.

त्याच दिवसांत बायको खाप्याला माहेरी गेलेली. मिस्त्रीनं विचारलं, "साहेब, ओटाही उचलू काय? नाहीतर वहिनीले वाकून रांधावं लागीन."

फाटकाचा भाव नुकताच ऐकला होता. म्हणालो, "राहू द्या. सवय होईन तिले."

चहा करण्यापलीकडे मी त्या ओट्याशी कधी उभा राहिलो नव्हतो.

बायको परत आली. चकचकीत फरशी ओलांडून ओट्यापाशी गेली, तर तो मांडीला लागला. "हा ओटा आहे का पाट?" तिनं विचारलं, आणि मी मिस्त्रीवर ढकलून मोकळा झालो.

तेव्हापासून मिस्त्री दिसेल तिथे ती त्याला धारेवर धरायची. इतवारीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर, भर गर्दीत म्हणाली, "काय भाऊ, छत तरी आठवणीनं टाकता ना?" तो कसनुसा हसला. पुढचं काम माझ्याकडूनच मिळायचं होतं त्याला, आणि घर असं, की काम निघतच राहायचं. कधी गळकी गच्ची, कधी ओल धरलेली भिंत. मी दर वेळी त्यालाच बोलवायचो. उपकार फेडल्यासारखं वाटायचं.

इकडे तिची कंबर धरली. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वाकू नका म्हणून सांगितलं. वाकल्याशिवाय आमच्याकडे पोळी लाटताच येत नव्हती. मी पट्ट्याचा वेलक्रो घट्ट करून द्यायचो.

यंदा बातमी आली, रस्त्यावर आणखी एक थर पडणार. मिस्त्री टेप घेऊन आला. टेपचं एक टोक त्यानं माझ्या हातात दिलं. बायको कंबरेला हात लावून दारात उभी.

"या विसरभोळे! या वेळी काय विसरून राहिले?"

"वहिनी, मी..." त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"यांच्याकडे काहून पाहता? तुम्ही बोला ना!"

तो टेपवरचे आकडे पाहू लागला. टेपचं टोक माझ्या हातातून सुटलं आणि सर्रकन त्याच्या बोटांवर आदळलं. त्यानं नुसती बोटं चोळली.

"तो विसरला नव्हता," मी म्हणालो. "त्यानं विचारलं होतं, मीच नको म्हटलं. फाटकाले पैसे दिले अन् तुले वाकवलं. वरून खोटं बोललो. चुकलं माझं, मले माफ कर. भाऊ, तुम्हीही."