बोटांचे घट्टे

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर माझी बोटं तपासली. गवंडीकाम सुटल्यावर म्हातारपणी मी आपला आपणच गिटार शिकत होतो. तारांनी घट्टे पडले का, म्हणून ती रोज बोटांची टोकं दाबून बघायची. त्या संध्याकाळी म्हणाली, "अहो मिस्त्री, पडले घट्टे. आता सूर लागंल." पहाटे ती उठलीच नाही.

सुतकात वाद्य वाजवत नाहीत. लोक म्हणायचे, रडा, मोकळे व्हा. मी पंच्याखाली अंगठ्यानं टोकं चाचपत बसायचो. कातडी रोज मऊ पडत होती. तिनं दाबलेली बोटंही जाणार, ही धास्ती. अर्धी सोडलेली भिंत गवंड्याची वाट बघते, कातडी बघत नाही.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दाबायची तशीच बोटं दाबली. मऊच होती. गिटार घेतली आणि पहिल्या तारेपासून पुन्हा सुरू केलं.