बाथरूमची कडी

संधिवातवाल्या मैत्रिणींनो, आज सकाळी मी स्वतःच्याच बाथरूममध्ये अडकले. हसू नका.

आत जाताना कडी तळहाताने ढकलून लावली. बाहेर यायच्या वेळी मात्र ती चिमटीत धरताच येईना. थंडीत सकाळी बोटं कशी होतात, ते तुम्हाला काय सांगायचं! ब्रशच्या दांडीने ओढून पाहिली, तर ब्रशच मोडला.

बाहेरून सासूबाई, "काहून वं, एवढा वेळ काय करून राहिली?"

"आई, कडी निघून नाही राहिली."

शेवटी नवऱ्याने खांदा मारून दार उघडलं. चिडला नाही बिचारा. उलट ऑफिसला जायच्या आधी पेचकस आणून त्याने कडीच काढून टाकली. "आता नुसतं लोटून घेत जा. अडकायची भानगडच नको."

"बरं झालं बाप्पा," सासूबाई म्हणाल्या.

मीही "बरं झालं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण खरं सांगू? रोज दुपारी कडी लावून, नळ सोडून मी तिथेच रडून घ्यायची. मग तोंड धुऊन बाहेर. "दुखतंय" हे घरात किती वेळा ऐकवायचं? ऐकणारेही थकतात.

आज दुपारीही नळ सोडला. दाराला पाठ लावून उभी राहिले. बादली भरून वाहायला लागली, पण रडू काही आलं नाही. सगळं लक्ष दाराकडे.

तुमच्या घरात आहे का गं असं एखादं दार, आतून लावता येणारं?