शनिवारी लोखंड घेऊ नये

सासरे गेल्यापासून सासूबाईंनी कशाचाही हट्ट केला नव्हता. साताऱ्याहून त्यांना आमच्याकडे इंग्लंडात, रीडिंग गावी आणलं, तर "तुम्ही घ्या, मला काही नको" हे एकच पालुपद. साडी नको, चप्पल नको, फिरणं नको. नवऱ्याला त्याची धास्ती वाटायची. मला, खरं सांगायचं तर, रागही यायचा. शेवटी मीच शेंगेन व्हिसाच्या मागे लागले आणि आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि त्या, असे वीकएंडला जर्मनीत कोलोनला गेलो.

शनिवार मोठा निवांत गेला. कॅथीड्रलसमोर सासूबाईंनी मान मागे टाकून दोन्ही मनोरे पाहिले आणि विचारलं, "एवढं झाडायला किती माणसं लागत असतील गं?" ऱ्हाईनवरच्या पुलाला प्रेमिकांनी कुलुपं लावून चाव्या नदीत टाकल्या आहेत, हे लेकीने त्यांना समजावलं. "आणि आपण निर्माल्य सोडलं की बोंब," त्या पुटपुटल्या.

दुपारी बाजारात सुऱ्या-कात्र्यांच्या एका दुकानाशी त्या आपणहून थांबल्या. आयुष्यभर त्यांनी घरी ब्लाउज शिवले होते. आतल्या बाईंनी शिवणकामाची मोठी कात्री आणि कापडाचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो एका दमात सरळ कापला.

"आजी, हा कात्री सुपर शार्प आहे!" लेक म्हणाली.

"घेऊ या?" त्यांनी विचारलं. दीड वर्षात पहिल्यांदा! नवऱ्याने लगबगीने कार्ड काढलं. तेवढ्यात त्यांनी कात्री खाली ठेवली.

"आज शनिवार ना? शनिवारी लोखंड घेऊ नये."

आम्ही दोघं बघतच राहिलो. शनिवार पाळायचे ते सासरे. सासूबाई त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करायच्या. एकदा त्यांनी मुद्दाम शनिवारी तवा आणला, तर सासऱ्यांनी रविवार उजाडेपर्यंत तो घरात येऊ दिला नव्हता.

"आई, तू कधीपासून हे मानायला लागलीस?" नवऱ्याने विचारलं.

"ह्यांना चाललं नसतं," त्या एवढंच म्हणाल्या.

तो वाद घालणार, तोच मी त्याला कोपराने ढोसलं. "उद्या सकाळी घेऊ, आई. ट्रेन दुपारची आहे," असं मी मोठ्या शहाणपणाने जाहीर केलं. मग केक खाताना त्या नातीला परकर-पोलकं कसं बेततात ते सांगत बसल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

रविवारी सकाळी बाजार चिडीचूप. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात! इंग्लंडमधल्या रविवारच्या शॉपिंगला सोकावलेल्या मला हे सुचलंच नव्हतं. स्वच्छतागृहांपर्यंत सगळ्याची यादी केली होती, आणि नेमकं हेच राहिलं. मला रडू यायला लागलं.

"सॉरी, आई," मी म्हटलं. आता पुन्हा "मला काही नको" सुरू होणार, हे मी धरूनच चालले.

काचेपलीकडे कात्री दिसत होती. सासूबाईंनी ती बघितली आणि कमरेवर हात ठेवून वर आकाशाकडे पाहिलं. "बेचाळीस वर्षं तुमचं एक ऐकलं नाही. काल एकदा ऐकलं, तर ही गत! आता बसा तिथे हसत!" मग त्या सासऱ्यांना त्या रिकाम्या रस्त्यात असं काही फैलावर घ्यायला लागल्या, की कुत्रा फिरवणारे एक आजोबा पलीकडच्या फुटपाथवर गेले. लेक खुदखुदायला लागली. आईचा हा आवाज वडील गेल्यापासून नवऱ्याच्या कानावर पडला नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

बोलून झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"पुढच्या वेळी तिकिटं तूच काढ. पण वार मी सांगेन."