झोपतानाची बारीक गोळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि दुकानातली प्रत्येक बरणी तिला माझ्याआधी सापडते.

सेनगावात माझं मेडिकल आहे. पुसेगावच्या शाहीन आपा दर बाजारच्या दिवशी जीपने येत आणि डोकेदुखीच्या गोळ्या नेत. शिवणकाम करणारी बाई. मान वाकवून मशीनवर बसली की कपाळाभोवती दोरी आवळल्यासारखं दुखायचं. आधी रोज एक गोळी, मग दोन. दुखण्याची गोळी रोज घेतली की पुढे तीच डोकं दुखवू लागते, हे मला ठाऊक होतं. सांगितलं का? नाही.

एकदा आपा गावात नव्याने आलेल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. त्यांच्या पाटीवर पदव्या इतक्या, की नाव शोधावं लागे. दवाखान्याच्या उद्घाटनाला फेटे, शाली, दोन तास भाषणं. असल्या थाटाचा मला कंटाळा — की मत्सर? तोवर माणसं आपलं दुखणं आधी माझ्या काउंटरवर सांगत.

चिठ्ठी मात्र बरोबर होती. रोजच्या गोळ्या बंद. सुरुवातीला दुखणं वाढेल, घाबरू नका. झोपताना एक बारीक गोळी, काही महिने. तीच गोळी जास्त मात्रेत उदासीच्या आजारावर देतात.

"भाऊ, ही काहाची गोळी हाय?" आपांनी विचारलं.

मला उत्तर येत होतं. मी म्हणालो, "येड्यांना देतेत, आपा. डॉक्टरला तुमी तशा दिसल्या असाल."

काउंटरवरची दोन माणसं हसली. आपांनी चिठ्ठीची घडी केली. "मग राहू द्या. नेहमीचीच द्या."

दिली.

दोन वर्षांनी माझंच डोकं तसं दुखू लागलं. मी काय केलं? इथे कुणी पाहू नये म्हणून परभणीला जाऊन तिथल्या डॉक्टरकडून तीच बारीक गोळी लिहून घेतली. दीड-दोन महिन्यांत डोकं हलकं झालं.

तोवर आपांनी मशीन भाचीला देऊन टाकली होती. दुखणं सोसवेना. आता तरी सांगायचं, असं ठरवून मी बाजारच्या दिवसाची वाट पाहिली. त्या आल्या. शेजारी उभ्या बाईला माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्या भाऊंनी मला येड्याच्या गोळीतून वाचवलं, बरं का."

मी मान डोलावली.

त्या अजूनही येतात. त्यांच्या नेहमीच्या गोळीची स्ट्रिप मी आधीच काढून ठेवलेली असते.