जबड्याला लावलेली गिटार

मोटारीचं बेअरिंग गेलंय की नाही, हे मी पेचकसानं ऐकतो. चालू मोटारीच्या अंगावर पेचकसाचं टोक टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडावर घट्ट दाबायची आणि डोळे मिटायचे. चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं. खराब झालेलं किरकिरतं. सोनपेठला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि शेतकऱ्यांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात माझा जन्म गेला. या पेचकसानंच मला दोन वर्षं फसवलं. हाडावाटे सगळं स्वच्छ ऐकू यायचं, म्हणून कान ठणठणीत आहेत, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

ते ठणठणीत नव्हते. आधी डावा कान बसला आणि मग उजवाही त्याच्या मागं निघाला. गिऱ्हाईक काउंटरवर काहीतरी बोलायचं आणि मी आपला हसून मान हलवायचो. आमची गायन पार्टी आहे. जयंतीच्या दिवसांत आम्ही गावोगाव भीमगीतं करतो, मी गिटार वाजवतो. गेल्या एप्रिलमध्ये आमचे गायक तीनदा मागं वळले आणि आवाज कमी करा म्हणून हातानं खुणावलं. मी त्यांच्यावरच डाफरलो की पेटीवाल्याला सांगा, मला काय सांगता. पण आपलंच काहीतरी चुकतंय, हे मला त्या रात्री कळलं. कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. बोललो की खरं होईल, असं वाटायचं.

त्यातच पोरीनं गिटारचं काढलं. ती पुण्यात नोकरी करते. चार दिवस सुट्टी घेऊन आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "पप्पा, जिंदगीभर तुमी डबडं वाजवलंव. आता एक चांगली गिटार घ्यायची. माझ्याकडून."

दुसऱ्या कुणाचा बाप उडी मारून उठला असता. मी बशीतला चहा फुंकत राहिलो. तसा मी तिच्यावर आधीच रागावलेलो होतो. वर्षभरापासून ती फोन करायची तो आईलाच. मायलेकी तास तास बोलायच्या आणि मला शेवटी "पप्पांना सांग" एवढा निरोप. मी तोंडानं काही म्हटलं नाही, पण ते मनाला फार लागलं होतं. आणि आता ही माझ्यासाठी असली महागडी वस्तू घेणार, जिचा आवाज मला नीट ऐकू येईल की नाही याचीच खात्री नव्हती. नको म्हणावं तर का नको, ते सांगावं लागणार. मी हो म्हटलं.

परभणीला एक उस्ताद राहतात. तरुणपणी हैदराबादेतल्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. बोटं आखडली तेव्हा गावी परत आले. त्यांच्या अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर मी एकदा भरून दिला होता, तेव्हापासून ओळख. त्यांच्याकडे परदेशी बनावटीच्या दोन गिटारी होत्या आणि त्यातली एक विकायची आहे, असा त्यांचा निरोप आला होता.

सकाळच्या बसनं निघालो. बसमध्ये माझी एक युक्ती ठरलेली असायची. डाव्या रांगेत खिडकीची जागा धरायची, म्हणजे शेजारचा माणूस आपोआप माझ्या उजव्या कानाला येतो. पोरीला कळू न देता मी ती जागा पटकावली. लहानपणी खिडकीसाठी रडून गोंधळ घालणारी ही पोर, मुकाट्यानं उजवीकडे बसली. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. पाथरी येईपर्यंत ती बोलत होती आणि तिचं निम्मं बोलणं मी तिच्या ओठांवरून उचलत होतो.

उस्तादांच्या पुढच्या खोलीत दोन्ही गिटारी दिवाणावर ठेवल्या होत्या. एक लालभडक, काठाला काळसर होत गेलेली, सोनेरी खुंट्यांची. नवरदेवाच्या घोड्यासारखी नटलेली. दुसरी गव्हाळ रंगाची, साधी. हाताची कोपरं घासून घासून तिचं पॉलिश एका जागी उडालं होतं आणि खालचं लाकूड दिसत होतं. इलेक्ट्रिक गिटारीचं पोट पोकळ नसतं, भरीव लाकडाची फळीच असते ती. तारांखाली लोहचुंबक असतं आणि त्यावर केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. त्याला पिकअप म्हणतात. आमच्याच धंद्यातलं काम ते, फक्त नाजूक. ते पाहून मला जरा धीर आला आणि मी पिशवीतून मीटर काढला.

उस्ताद हसायलाच लागले. "भाई, गिटार हाय ती. बोअरमधली मोटार न्हाई."

"कॉइल कॉइलच असती, उस्ताद."

मी दोन्हींच्या कॉइली मोजल्या. दोन्ही उत्तम निघाल्या. मीटरच्या काट्यावर निवड होऊन गेली तर बरं, कान मध्ये यायला नकोत, असा माझा हिशेब होता. तो तिथंच संपला.

"आता कानानं बघा," उस्ताद म्हणाले. "भिंतीकडं तोंड करून बसा. डोळ्यानं गिटार घ्यायची नसती. दोन्ही वाजवतो, कंची ते सांगा."

आपला पेपर कोराच राहणार हे माहीत असताना परीक्षेला बसायचं, तसं झालं. पोरगी खुर्चीवर बसलेली. मी भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावरचे आकडे वाचत राहिलो. मागं अँप्लिफायर चालू झाल्याचं मला फरशीतून पायाला कळलं. मग सूर आले, पण शेजारच्या घरात, दार लावून, कुणीतरी वाजवत असल्यासारखे. खालचे जाड सूर तर नव्हतेच. मी श्वास धरून ऐकलं. मान जरा तिरकी केली, उजवा कान मागं गेला, पण काही फरक पडला नाही. मग थांबले. उस्तादांनी दुसरी गिटार घेतली, पुन्हा तसंच आलं. दोन्हींत मला सुईच्या टोकाएवढाही फरक कळला नाही.

"कंची?"

"दुसरी," मी म्हटलं. गरजेपेक्षा मोठ्यानं म्हटलं.

"लाल," उस्ताद म्हणाले. "बराबर हाय. सगळ्यांना तीच आवडती."

सुटलो, असं वाटलं. पोरीकडं बघितलं. ती हसली नाही. उस्तादांनी लाल गिटार माझ्या मांडीवर दिली. वायर लावलेली नव्हती. "हात फिरवून बघा. तोवर चहा सांगतो."

गिटार खरंच देखणी होती. मानेवरून अंगठा असा सरकला की जोड कुठं आहे ते कळेना. पडदे, म्हणजे बोटं जिथं पडतात त्या धातूच्या पट्ट्या, काठाला इतक्या गोल घासलेल्या की बोटाला त्या आहेत याचा पत्ता लागू नये. माझ्या जुन्या गिटारीनं तळहात फाडले होते. मी एक तार छेडली. काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. आणि मग हातांनी जे रोज करतात ते केलं. गिटारीचं शिंगासारखं पुढं आलेलं वरचं टोक मी जबड्याच्या हाडाला लावलं आणि डोळे मिटले.

आवाज आला. डोक्याच्या आत आला, भरून आला, खालचे जाड सूरसुद्धा. किती महिन्यांनी! माझे डोळेच भरले. मी एकेक तार छेडत गेलो. आणि चौथ्या तारेला मला ते ऐकू आलं. सुराच्या मागं, अगदी बारीक, किरकिर. पुन्हा छेडली. पुन्हा किरकिर. मानेत आतून लोखंडी सळई असते, लाकूड वाकू नये म्हणून. ती आत कुठंतरी ढिली झाली होती. ढिल्या बेअरिंगची ओळख मला सांगावी लागत नाही.

मी गव्हाळ गिटार ओढून घेतली आणि जबड्याला लावली. तिचा सूर सुरू झाला तो संपेचना. मी श्वास सोडला, दुसरा घेतला, तरी तो तिथंच होता. किरकिर नाही, थरथर नाही. लाकूड अख्खं एका जिवानं वाजत होतं.

आता काय करायचं? गप्प बसून लाल घेतली असती तर झाकली मूठ तशीच राहिली असती. किरकिर पार्टीत कुणाला कळली नसती. दुसरीकडं, पोरीच्या कष्टाचे पैसे खोट असलेल्या वस्तूत जाणार, आणि ते मला एकट्याला माहीत असणार. खराब बेअरिंगची मोटार मी आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला दिली नव्हती. मला स्वतःचा संताप आला.

उस्ताद चहा घेऊन आले तेव्हा मी बोलून टाकलं. "लाल नको. हिच्या मानेतली सळई ढिली हाय."

त्यांनी गिटार घेतली, मानेला कान लावला, तार छेडली. मग टोकाची छोटी झाकणी उघडून आत किल्ली घातली आणि ती हातात सहज फिरली. "कमाल हाय," ते म्हणाले. "मला एवढ्या वर्षांत कळलं न्हाई. पण भाई, आत्ता तर तुमी हीच चांगली म्हणलाव. तवा न्हाई का कळलं?"

काहीतरी बनवून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

"स्पीकरमधलं पप्पांना ऐकू यायलं न्हाई," पोरगी म्हणाली. शांतपणे म्हणाली. "हाडाला लावलेलंच यायलंय."

"कोण म्हणतं?" मी एकदम उसळलो. "मला सगळं ऐकू येतं!"

"पप्पा, मी फोन आईला का करते वाटतं तुमाला? मी विचारायची जेवलाव का, तुमी सांगायचाव लाईट गेलीय म्हणून. चुकीचं ऐकलं हे तुमाला समजून आलं की तुमी गप्पच व्हायचाव. मग दोन दिवस नीट जेवायचा न्हाव, आई सांगायची. म्हणून बंद केला तुमाला फोन."

उस्ताद उठून आत गेले. मला इतकी लाज वाटली की ती गव्हाळ गिटार मी मांडीवर उभी धरून तिच्यामागं तोंड लपवलं. वर्षभर मी तिच्यावर रागावलो होतो.

"आणि गिटार?" मी विचारलं. "हे सगळं मला इथं आणायला केलंस का?"

"चार वाजता कानाच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय," ती म्हणाली. "दवाखान्याचं नाव काढलं असतं तर तुमी आला असताव का? पण गिटार खोटी न्हाई. डॉक्टर काय बी म्हणू द्या, ती घ्यायचीच. तुमाला वाजवता येतंय तोवर तुमच्याकडं पाहिजे ती."

तोवर, हा शब्द मला उजव्या कानानं चांगला ऐकू आला. भीती वाटली. गिटार मिळायच्या आनंदापेक्षा ती पुष्कळ मोठी होती, हे कबूल करतो.

उस्तादांनी गव्हाळ गिटार सूर मोजायच्या मशीनवर सुरात लावून दिली, पेटीत ठेवली, आणि पेटी बंद करायच्या आधी तिच्या उडालेल्या पॉलिशवरून एकदा हात फिरवला.

चार वाजता ती पेटी गुडघ्यांमध्ये धरून मी डॉक्टरांसमोर बसलो होतो. डॉक्टर तरुण होते. शाळेत विज्ञानाच्या तासाला असायचा तसला दोन पायांचा नादकाटा त्यांनी काढला, कोपरावर आपटला आणि माझ्या कानाजवळ धरला. काही नाही. डाव्या कानाला तर नाहीच. पोरगी दाराशी उभी होती, तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. मग त्यांनी काटा पुन्हा आपटला आणि त्याचं बूड कानामागच्या हाडावर टेकवलं.

"आता येतंय?"

"येतंय," मी म्हटलं. "सी हाय. पण जरा उतरलेला."

डॉक्टरांनी काट्याकडं बघितलं. "काका, हा स्टीलचा आहे. हा कसा उतरेल?"

माझा स्वभाव उफाळला. भीती, लाज, सगळं तेवढ्यापुरतं बाजूला राहिलं. मी पेटी उघडली, गिटार काढली, जबड्याला लावून सी वाजवला आणि डॉक्टरांना म्हटलं, आता मारा तुमचा काटा. त्यांनी मारला आणि हाडावर टेकवला. उतरलेलाच होता. त्यांनीही कान पुढं करून दोन्ही ऐकले. "खरंच की," म्हणाले. "दवाखान्याचे काटे गाण्याच्या सुरापेक्षा जरा खालीच घडवतात." मग खुर्ची पुढं ओढून त्यांनी सावकाश, माझ्याकडं तोंड करून सांगितलं की आतली नस शाबूत दिसतेय, कानातलं एक इवलंसं हाड जाम झालं असावं. तपासण्या करू. ऑपरेशन होऊ शकतं. बहुतेकांचं सुधारतं, पण खात्री कुणी देत नाही.

जाम झालेलं मी रोज सोडवतो, पण ते मोटारीचं. माझ्या डोक्यातलं हाड दुसरा कुणीतरी सोडवणार, आणि त्याचा हात चुकला तर? हाच विचार बसस्टँडवर येईपर्यंत चालू होता.

बस लागली होती. आम्ही चढलो. डाव्या रांगेतली एक सीट अख्खी रिकामी होती. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून मी पोरीला म्हटलं, "तू बस खिडकीला. लहानपणी किती भांडायचीस."

ती उभीच राहिली. माझ्या हातातली गिटारीची पेटी घेऊन तिनं सीटच्या आतल्या बाजूला सरकवली आणि मला खिडकीकडं हात केला.

"तुमीच बसा," ती म्हणाली. "दोन वर्षं झालं मी हितंच बसायले."